फुकटचं फील्डवर्क कोणाला परवडतं?

अमेरिकेत समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मिळवायची तर किमान ९०० तासांचं फील्डवर्क, म्हणजे एखाद्या संस्थेत जाऊन प्रत्यक्ष काम, सक्तीचं आहे. ऑस्ट्रेलियात हाच आकडा १,००० तासांचा. इंग्लंडमध्ये तासांऐवजी दिवस मोजतात. तिथे १७० दिवस प्रत्यक्ष प्लेसमेंटवर, म्हणजे फील्डवर्कसाठी नेमून दिलेल्या जागी, काढावे लागतात. भारतात बहुतेक ठिकाणी आठवड्याचे दोन दिवस एजन्सीत, म्हणजे अशा संस्थेत, जातात आणि शेवटी सलग काही आठवड्यांचं ब्लॉक फील्डवर्क असतं. मोजमाप वेगळं असलं तरी व्यवहार सगळीकडे जवळपास सारखाच. तास भरले नाहीत तर पदवी नाही, आणि भरलेल्या तासांचा बहुतेक ठिकाणी मोबदला नाही. उलट या तासांसाठी विद्यार्थीच पैसे मोजतो, कारण फील्डवर्क हा अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि अभ्यासक्रमाला फी आहे.

९०० तास म्हणजे आठ तासांच्या पाळीचे ११२ दिवस. सुट्ट्या सोडल्या तर पूर्णवेळ नोकरीचे पाच महिने. ज्याच्या घरभाड्याची, औषधपाण्याची, मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी दुसरं कोणी उचलतं, त्याला हे पाच महिने निघतात. ज्याच्या पगारावर घर चालतं, त्याला ते पेलत नाहीत. माझं म्हणणं असं की शहरातल्या सार्वजनिक विद्यापीठाने हा बोजा विद्यार्थ्याच्या डोक्यावरून उतरवला पाहिजे. फील्डवर्कला विद्यावेतन हवं, ते सार्वजनिक पैशातून हवं, आणि ते मिळेपर्यंत जे विद्यापीठाच्या स्वतःच्या हातात आहे ते तरी त्याने लगेच करायला हवं.

सार्वजनिक विद्यापीठाचं नाव मी मुद्दाम घेते आहे. अशा विद्यापीठाच्या समाजकार्य विभागात कोण येतं ते पाहा. घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेली मुलं येतात. चाळिशीला आलेल्या बायका येतात, ज्यांनी वर्षानुवर्षं निवारागृहात रात्रपाळी केली आहे किंवा रुग्णालयाच्या खिडकीबाहेर माणसांना कागद भरून दिले आहेत. स्थलांतरितांची मुलं येतात, ज्यांनी शाळकरी वयातच आईवडिलांसाठी सरकारी कचेऱ्यांत दुभाष्याचं काम केलं. बालगृहात वाढलेले येतात, व्यसनातून बाहेर पडलेले येतात. ज्या वस्त्यांमध्ये पुढे काम करायचं, त्याच वस्त्यांतून यातले अनेक जण आलेले असतात. रेशन बंद झाल्यावर घरात पहिल्यांदा काय विकलं जातं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. महागड्या खासगी संस्थेत ही माणसं प्रवेशाच्या आधीच माघार घेतात. सार्वजनिक विद्यापीठ फी कमी ठेवून त्यांना आत घेतं आणि मग त्यांच्या हातात वेळापत्रक ठेवतं: आठवड्याचे दोन दिवस, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. कमी फीमुळे जे वाचलं ते त्या दोन दिवसांच्या बुडालेल्या कमाईत जातं, आणि वर पदरचे प्रवासाला लागतात ते वेगळे.

हे असं का झालं याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आधी लंडनमध्ये आणि मग अमेरिकी शहरांत चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायट्या उभ्या राहिल्या. त्यांच्या वतीने गरिबांच्या घरी जाणाऱ्या 'फ्रेंडली व्हिजिटर' बहुतांशी सुखवस्तू घरांतल्या स्त्रिया होत्या आणि त्या हे काम विनावेतन करत. १८९७ मध्ये टोरांटोच्या परिषदेत मेरी रिचमंड यांनी या कामासाठी रीतसर प्रशिक्षण देणारी शाळा हवी अशी मागणी केली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला. कोलंबिया विद्यापीठाच्या समाजकार्य विद्यालयाची सुरुवात तिथली. १९०८ मध्ये अ‍ॅलिस सॅलोमन यांनी बर्लिनमध्ये स्त्रियांसाठी समाजकार्याची शाळा काढली. १९३६ मध्ये मुंबईत क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, म्हणजे आजची टाटा समाजविज्ञान संस्था. वर्ग आणि प्रत्यक्ष काम यांची जोडी या शिक्षणात पहिल्यापासून आहे आणि ती योग्यच आहे. पण ज्यांच्या घरची चूल दुसऱ्याच्या कमाईवर पेटत होती, अशांच्या हातून ही परंपरा घडली. त्यामुळे 'शिकणाऱ्याने फुकट काम करावं' हे गृहीतक कोणी तपासलंच नाही.

या गोष्टीतला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. खुद्द मेरी रिचमंड त्या सुखवस्तू वर्गातल्या नव्हत्या. लहानपणीच आई गेलेली, आजी-मावश्यांनी वाढवलेलं, महाविद्यालयाची पायरी कधी चढल्या नाहीत, हिशेबनीस म्हणून पोट भरत होत्या. १८८९ मध्ये त्या बाल्टिमोरच्या सोसायटीत आल्या त्या सहायक खजिनदाराच्या नोकरीवर. ज्या बाईने पुढे केसवर्कची, म्हणजे एकेका माणसासोबत आणि कुटुंबासोबत काम करण्याची, पद्धत बांधून दिली, ती या क्षेत्रात पगाराच्या दारातून शिरली होती. आजच्या नियमांनी तिला आधी पाच महिने बिनपगारी काम करायला सांगितलं असतं.

यावर कोणी म्हणेल, मग तास कमी करा. मला ते साफ नामंजूर आहे. समाजकार्याच्या शिक्षणात फील्डवर्क हाच गाभा आहे, आणि ते नीट झालं तर माणूस कसा घडतो हे जवळून पाहण्यासारखं असतं. समजा, शाळेत न येणाऱ्या एका मुलाच्या घरी विद्यार्थिनी गेली. आई दारातच म्हणाली, "येईल तो उद्यापासून." विद्यार्थिनीने विचारलं, "नक्की ना ताई?" आईने मान हलवली आणि आठ मिनिटांत भेट संपली. रात्री ती रेकॉर्डिंग, म्हणजे भेटीची नोंद, लिहायला बसते. एका रकान्यात संवाद जसाच्या तसा, शेजारच्या रकान्यात त्या त्या वेळी मनात काय आलं ते. शेवटी ती लिहिते, 'काम झालं असं वाटलं.' सुपरव्हायझर नेमकी त्याच वाक्याखाली रेघ मारते आणि समासात लिहिते, 'आईने होकार दिला की तुला वाटेला लावलं? घरात आणखी कोण होतं?' मग आयसीत, म्हणजे दोघींच्या आठवड्याच्या बैठकीत, त्या आठ मिनिटांवर तासभर बोलणं होतं. बोलता बोलता विद्यार्थिनीला आठवतं की आतून कोणीतरी सारखं खोकत होतं. पुढच्या भेटीत ती मुलाचा विषयच काढत नाही; घरात कोण आजारी आहे ते विचारते. आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत, आईची कामाची वेळ सकाळची, म्हणून मुलगा त्यांच्यापाशी बसतो, हे तेव्हा कळतं. आता प्रश्न शाळेचा उरत नाही, आजोबांकडे दिवसभर कोण बघणार हा होतो, आणि त्यावर करण्यासारखं बरंच काही असतं.

हे व्याख्यानातून शिकवता येत नाही. त्यासाठी दिलेली भेट, लिहिलेलं पान, वाचणारी सुपरव्हायझर आणि विचार करण्याइतकं शिल्लक डोकं, या चारही गोष्टी लागतात. रात्रपाळी करून सकाळी थेट एजन्सीत येणारी विद्यार्थिनी मी पाहिली आहे. भेटीला ती जातेच, चुकवत नाही. पण तिचं रेकॉर्डिंग तीन भेटींचं एकदम, आठवड्याच्या शेवटी, आठवेल तसं लिहिलेलं असतं. शेजारचा रकाना जवळपास कोरा. त्या खोकल्याचा आवाज तिला आठवणारच नाही, कारण तो ऐकला तेव्हा तिला बारा तास झोप नव्हती. तिचे तास भरतात, सही होते, श्रेणीही मिळते. शिक्षण मात्र हातचं जातं, आणि ते गेलं हे गुणपत्रिकेत कुठेच दिसत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. सगळी प्लेसमेंट सारखी नसते. मानसिक आरोग्य विभाग, बाल न्याय यंत्रणा, मोठं रुग्णालय इथलं फील्डवर्क दिवसाच्या ठरावीक वेळेत चालतं, तिथे सुपरव्हिजन चांगलं मिळतं आणि पहिली नोकरी बऱ्याचदा तिथूनच लागते. नोकरी करणारा विद्यार्थी ही जागा मागतच नाही. तो घराजवळची, संध्याकाळी चालणारी, वेळेबाबत फारशी चौकशी न करणारी एजन्सी शोधतो. दोघांच्या पदवीवर विषय एकच छापलेला असतो, पण दोन वर्षांनी एक जण रुग्णालयात समुपदेशन करत असतो आणि दुसरा नोंदवह्या भरत असतो. मग आपण म्हणतो, ज्याची त्याची कुवत.

पुढे समाजकार्याच्या परवान्यासाठीच्या परीक्षेतही विषमता दिसते. अमेरिकेतल्या समाजकार्य मंडळांच्या महासंघाने २०२२ मध्ये आपली आकडेवारी पहिल्यांदा वंशनिहाय खुली केली, तेव्हा क्लिनिकल, म्हणजे मानसिक उपचाराच्या कामासाठीच्या, परीक्षेत पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होण्याचं प्रमाण गोऱ्या उमेदवारांमध्ये सुमारे ८४ टक्के आणि कृष्णवर्णीयांमध्ये ४५ टक्के निघालं. याचं एकच कारण सांगणं चुकीचं ठरेल. परीक्षेच्या रचनेवरही गंभीर आक्षेप आहेत. पण अशा परीक्षेपर्यंत पोचताना कोणाला किती मोकळा वेळ मिळाला होता, हा प्रश्न त्या आकड्यांसमोर बसून विचारला गेलाच पाहिजे.

आता विरोधातले मुद्दे. विद्यार्थी शिकायला जातो, कामाला नाही, मग पैसे कशाचे, असं विचारतात. निवासी डॉक्टरही शिकतच असतात आणि त्यांना वेतन मिळतं. शिकणं आणि मोबदला यांचं वाकडं आहे असं तिथे कोणी म्हणत नाही. शिवाय एजन्सीत विद्यार्थी खरोखर काय करतो ते पाहावं. पहिल्या भेटीचे अर्ज भरून घेतो, होम व्हिजिट करतो, गट चालवतो, माणसाला घेऊन या कार्यालयातून त्या कार्यालयात जातो. परीक्षेच्या काळात विद्यार्थी आले नाहीत की कितीतरी संस्थांचं काम अडतं. ज्याच्या नसण्याने काम अडतं, तो काम करतो.

सेवाभावाचा मुद्दा मला जास्त लागतो, कारण तो आपल्याच लोकांकडून येतो. पैशासाठी आलेला समाजकार्य काय करणार, असं ज्येष्ठ मंडळी मनापासून म्हणतात. त्यांच्या त्यागाबद्दल मला आदर आहे. पण समाजकार्याची जी जागतिक व्याख्या २०१४ मध्ये मान्य झाली, तिच्या मध्यभागी सामाजिक न्याय आणि मानवी हक्क आहेत. आपण घरकामगारांना किमान वेतनाबद्दल सांगतो, कंत्राटी कामगारांना त्यांचे हक्क समजावतो, आणि ते समजावायला ज्या विद्यार्थ्याला पाठवतो त्याला बसभाडंसुद्धा देत नाही. हा त्याग तो स्वतः निवडत नाही. पदवीच्या अटीतून तो त्याच्यावर लादला जातो.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. पैसे द्यायला लागले की संस्था विद्यार्थ्याला स्वस्त कर्मचारी समजेल, रिकाम्या जागांवर बसवेल, आणि रेकॉर्डिंग वाचायला कोणाला वेळ उरणार नाही. ही भीती खरी आहे. व्यवसायाच्या सुरुवातीलाच यावर वाद झाला होता. १९२० मध्ये शिकागोतलं समाजकार्याचं विद्यालय शिकागो विद्यापीठात सामील झालं. तिथल्या एडिथ अ‍ॅबट आणि सोफोनिस्बा ब्रेकिनरिज यांचा आग्रह होता की समाजकार्याचं शिक्षण एजन्सीतल्या उमेदवारीवर सोडता येणार नाही, त्याला विद्यापीठाची शिस्त हवी, कायदा हवा, धोरण हवं, संशोधन हवं. त्यांची भूमिका मला आजही पटते. म्हणूनच विद्यावेतन एजन्सीच्या खिशातून येता कामा नये. पैसा विद्यापीठामार्फत आला की विद्यार्थी कोणत्या टेबलावर बसेल हे ठरवण्याचा अधिकार विद्यापीठाकडेच राहतो. लहान संस्थांना पैसे देणं जमणार नाही, ही अडचणही त्यानेच सुटते. नाहीतर विद्यावेतन देऊ शकणाऱ्या चार मोठ्या संस्थांकडे सगळे विद्यार्थी वळतील आणि वस्तीतल्या दोन खोल्यांत चालणाऱ्या, पण उत्तम शिकवणाऱ्या संस्था रिकाम्या राहतील.

पैसा कुठून, हा प्रश्न उरतो, आणि त्याची उत्तरं प्रत्यक्षात आलेली आहेत. अमेरिकेत १९८० च्या बालकल्याण कायद्यातून 'टायटल फोर-ई' ही तरतूद आली. सरकारी बालकल्याण सेवेत काम करणाऱ्या किंवा करू इच्छिणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च त्यातून केंद्र सरकार उचलतं. अनेक सार्वजनिक विद्यापीठांनी या पैशातून समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन दिलं. बदल्यात पदवीनंतर ठरावीक काळ सरकारी बालकल्याण सेवेत काम करायचं. हा करार मला फार न्याय्य वाटतो. सरकारला माणसं हवी आहेत, माणसांना शिक्षण हवं आहे, आणि दोघांची गरज उघडपणे कागदावर मांडलेली आहे.

ऑस्ट्रेलियाने याहून पुढचं पाऊल टाकलं. शिक्षक, परिचारिका, प्रसूतिसेविका आणि समाजकार्य या चार अभ्यासक्रमांच्या सक्तीच्या प्लेसमेंटसाठी सरकारने मे २०२४ मध्ये भत्ता जाहीर केला. तेव्हाचा आकडा आठवड्याला ३१९.५० ऑस्ट्रेलियन डॉलर. अंमलबजावणी १ जुलै २०२५ पासून. रक्कम तुटपुंजी आहे. पूर्णवेळ प्लेसमेंटचा तासावर हिशेब केला तर ती तिथल्या किमान वेतनाच्या निम्म्याहून कमी भरते, आणि उत्पन्नाची अट असल्याने सगळ्यांना मिळतही नाही. तरी एका देशाच्या सरकारने लेखी मान्य केलं की प्लेसमेंटच्या काळात विद्यार्थ्याचं पोट रिकामं राहतं आणि त्याची जबाबदारी सरकारवरही येते. अमेरिकेतही मिशिगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांपासून सुरू झालेली 'पेमेंट फॉर प्लेसमेंट्स' ही चळवळ इतर विद्यापीठांत पसरली. या मागण्या विद्यार्थ्यांनी केल्या, प्राध्यापकांनी नव्हे, याची आम्हा शिकवणाऱ्यांना खंत वाटायला हवी.

सरकारी निधीची वाट पाहत हातावर हात ठेवून बसायचंही कारण नाही. आधीपासून नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्याच कामाच्या ठिकाणी फील्डवर्क करू द्यावं, ही सोय अनेक विद्यापीठांत आहे आणि ती सर्रास मिळायला हवी. त्यात एक धोका आहे, तो झाकू नये. निवारागृहात काम करणाऱ्या विद्यार्थिनीला तिथल्याच व्यवस्थापकाकडे सुपरव्हिजन दिलं, तर 'रात्री दहानंतर बायकांना आत न घेण्याचा नियम चुकीचा आहे' असं ती रेकॉर्डिंगमध्ये लिहिणार नाही. तिची नोकरी त्याच माणसाच्या हातात आहे. म्हणून काम निराळं हवं आणि सुपरव्हायझर तर निराळी हवीच, गरज पडली तर विद्यापीठाने बाहेरून नेमलेली. संध्याकाळच्या आणि सुट्टीच्या दिवशीच्या प्लेसमेंट शोधणं हे विभागाचं काम आहे, विद्यार्थ्याने ओळखीपाळखीतून जमवण्याचं नव्हे. संकटकाळातल्या हेल्पलाइन, निवारागृहं, रुग्णालयाचे आपत्कालीन विभाग रात्रंदिवस चालतात. तिथे माणसं रात्रीच जास्त अडचणीत असतात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांत करण्याची मुभा हवी. प्रवासखर्च तर पहिल्या दिवसापासून द्यायला हवा. तेवढं कोणत्याही विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात बसतं.

सुपरव्हायझरचं काय, हेही याच ओघात विचारते. एजन्सीतली सुपरव्हायझर स्वतःची नोकरी सांभाळून, बहुतेक वेळा एका पैशाशिवाय, विद्यार्थ्याची पानं वाचते. विद्यापीठ तिला वर्षातून एकदा कार्यशाळेला बोलावतं आणि प्रमाणपत्र देतं. समाजकार्याच्या शिक्षणाचा अर्ध्याहून मोलाचा भाग तिच्या जेवणाच्या सुट्टीत उरकला जातो. विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळालं आणि ती तशीच राहिली, तर रेघ मारून समासात प्रश्न लिहिणारी माणसं आणखी कमी होतील. तिच्या आठवड्यातले ठरावीक तास विद्यापीठाने एजन्सीकडून विकत घ्यावेत. या घडीला पैसा दोघांना पुरत नसेल तर मी प्रवेशाच्या जागा कमी करायला तयार आहे. साठ विद्यार्थी घेऊन त्यातल्या वीस जणांना अर्ध्यावर गमावण्यापेक्षा चाळीस जणांना नीट शिकवावं. सार्वजनिक विद्यापीठाने जागा कमी करणं मला सहज पचत नाही, तरीही.

आणि एक मागणी अशी आहे जिला एक पैसाही लागत नाही. विद्यार्थी अभ्यासक्रम सोडतो तेव्हा अर्जावर 'वैयक्तिक कारण' असं लिहितो आणि फाइल बंद होते. प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाच्या समाजकार्य विभागाने दरवर्षी जाहीर करावं की किती जणांनी प्रवेश घेतला, कोणत्या सत्रात किती गळाले, त्यातले किती नोकरी करत होते, किती जणांवर घरातल्या लहानग्यांची किंवा आजाऱ्यांची जबाबदारी होती, आणि रुग्णालयातली, न्याययंत्रणेतली प्लेसमेंट कोणाच्या वाट्याला आली. फील्डवर्कचे वार आणि वेळा प्रवेशअर्जाच्या पहिल्याच पानावर छापाव्यात, म्हणजे नोकरी सोडावी लागेल की नाही हे माणसाला फी भरण्याआधी कळेल. ही माहिती विभागांच्या कपाटात आजही पडून आहे. येत्या प्रवेशाच्या आधी ती बाहेर काढता येईल.